चौकोनी वडी, गोल नळी

पुण्याच्या तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘पेल्टिअर’ मागितलं की काउंटरवर एक पांढरी वडी येते. चार सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद, जाडी चार मिलिमीटरच्या आत. एका कडेतून लाल आणि काळी अशा दोन वायरी बाहेर आलेल्या. अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : टीईसी१-१२७०६. किंमत दोनशे रुपयांच्या आत-बाहेर. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ‘बिनकॉम्प्रेसरचा फ्रिज’ नावाचा जो थर्माकोलचा डबा असतो, त्याच्या पोटात हीच असते. २०२० साली आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून घेतलेले नमुने ज्या आरटी-पीसीआर यंत्रांत गेले, तिथे नमुना पुन्हा पुन्हा तापवायचा आणि गार करायचा असतो. तेही काम याच जातीच्या वड्या करतात.

वडीला बॅटरी जोडली की तिची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. मला मात्र उलटा खेळ पाहायचा होता. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला अल्युमिनियमचा हीटसिंक ओट्यावर ठेवला, त्यावर वडी, वडीवर सपाट बुडाच्या पातेल्यात उकळतं पाणी. वायरींना एक लाल एलईडी. पातेलं टेकवल्यावर काही सेकंदांत दिवा लागला. बॅटरी नाही, प्लग नाही, फिरणारं काही नाही. घरातले दोन मिनिटं कौतुकाने बघत राहिले आणि तेवढ्यात दिवा मंद होत होत विझला. पाणी तर अजून चटका बसेल इतकं गरम होतं. हात लावून पाहिला तर खालचा हीटसिंकही तापला होता. परातीत बर्फ घालून हीटसिंक त्यात बसवला, दिवा परत लागला.

त्या परातीत मला जे कळलं ते नंतर वाचलेल्या अनेक शोधनिबंधांत पुन्हा पुन्हा भेटलं. ही वडी उष्णतेवर चालत नाही, उष्णतेच्या फरकावर चालते. फरक निर्माण करणं सोपं, तो टिकवणं महाग.

पुढे हाव सुटली. उकळत्या पाण्याने दिवा लागतो तर गॅसवरच्या तव्याने काय होईल, म्हणून वडी थेट तव्यावर ठेवली. आतून एक बारीक ‘टिक’ झालं आणि खेळ संपला. दोष माझाच, वडीचा नाही. गार झाल्यावर ब्लेड घालून तिची दोन पांढरी झाकणं उचकटली. आत राखाडी-रुपेरी रंगाचे, मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे चौकोनी ठोकळे ओळीने उभे होते. त्यांना या धंद्यात ‘पाय’ म्हणतात. एकूण २५४. जोड्या १२७; नावातला १२७ हा आकडा तोच, आणि पुढचा ०६ म्हणजे सहा अँपिअर. एक पाय नखाने दाबला तर खडूसारखा तुटला, आणि तुटलेली कड अभ्रकासारखी चमकली. ही बिस्मथ टेल्युराइडची चमक. या लेखाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, हाच पदार्थ.

आता थोडं शास्त्र, आणि त्याआधी शब्दाचा एक प्रश्न. ‘थर्मोइलेक्ट्रिक’ला मराठीत औष्णिक विद्युत म्हणावं तर डोळ्यांपुढे कोराडी आणि चंद्रपूरच्या चिमण्या येतात. तिथे कोळशाने पाणी तापतं, वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरतं, मग वीज. इथे मधलं काहीच नाही. घन पदार्थाचं एक टोक तापवलं की तिथले विद्युतभार थंड टोकाकडे सरकतात, एवढंच. म्हणून मी थर्मोइलेक्ट्रिक हाच शब्द ठेवतो.

१८२१ साली बर्लिनमध्ये टोमास योहान झेबेकने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून कडं केलं, एक सांधा तापवला आणि जवळची होकायंत्राची सुई हलली. त्याला वाटलं, उष्णतेपासून चुंबकत्व तयार झालं. कड्यातून वीज वाहते आहे आणि सुई त्या विजेने हलते आहे हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडच्या लक्षात आलं, ‘थर्मोइलेक्ट्रिक’ हे नावही त्यानेच सुचवलं. झेबेक मात्र आपल्या चुंबकत्वाला चिकटून राहिला. १८३४ मध्ये पेल्टिअर या फ्रेंच घड्याळजीने उलटी बाजू दाखवली : वीज सोडली की सांधा गार किंवा गरम होतो. चार वर्षांनी लेंझने अशा सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. म्हणजे विज्ञान प्रदर्शनातला तो फ्रिज जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

पण साध्या धातूंतून मिळणारी वीज नगण्य होती. चांगल्या पदार्थाला तीन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. अंशामागे व्होल्टेज भरपूर हवं, वीज सहज वाहायला हवी, आणि उष्णता मात्र अजिबात वाहता कामा नये. वाहिली की दोन्ही टोकांचं तापमान सारखं होऊन माझ्या दिव्यासारखं होतं. धातूत वीज आणि उष्णता दोन्ही धावतात. काचेत दोन्ही अडतात. या तिन्ही गुणांचा एकत्र हिशेब ज्या आकड्यात मांडतात त्याला ‘झेडटी’ म्हणतात. १९५४ साली इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिडने बिस्मथ टेल्युराइडचा गुण दाखवला आणि नंतर काही दशकं हा आकडा एकच्या आसपास घुटमळत राहिला. नेहमीच्या खोलीच्या तापमानाजवळ आजही याच पदार्थाचं राज्य आहे. तांब्यातून जितकी उष्णता वाहते तिच्या अडीचशेव्या हिश्श्याच्या आसपास या पदार्थातून वाहते. तरीही शे-दोनशे अंशांचा फरक मिळाला तर उष्णतेतले पाचेक टक्केच विजेत उतरतात.

पाच टक्के ऐकून साखर कारखान्यातला माणूस हसेल. त्याच्याकडे बगॅसवर चालणारा बॉयलर आणि टर्बाइन आहे, तो यापेक्षा कितीतरी जास्त काढतो, आणि त्याचं हसणं बरोबर आहे. जिथे टर्बाइन बसतं तिथे थर्मोइलेक्ट्रिकचं काम नाही. त्याची जागा जिथे मेकॅनिक पोचू शकत नाही तिथे.

सोव्हिएत रशियात अब्राम योफे या भौतिकशास्त्रज्ञाने ही जागा ओळखली. दुसऱ्या महायुद्धात शेकोटीवर ठेवायचं असं पातेलं होतं की ज्याच्या बुडातल्या जोड्यांवर गनिमी सैनिकांचे रेडिओ चालत. पन्नाशीच्या दशकात वीज न पोचलेल्या खेड्यांसाठी रॉकेलच्या कंदिलावर बसवायचं जनित्र निघालं. कंदील उजेड देई आणि त्याच्या काचेवरून वर जाणाऱ्या उष्णतेवर रेडिओ लागे. आपल्याकडे तेव्हा गावोगाव कंदील होते, रेडिओ ग्रामपंचायतीत होता. ही जोडी आपल्याकडे का आली नाही, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अवकाशात तर दुसरा इलाजच नव्हता. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी प्रत्येकी तीन जनित्रं आहेत, पाय सिलिकॉन-जर्मेनियमचे. उड्डाणाच्या वेळी एका यानाला सुमारे ४७० वॅट मिळत; दर वर्षी साधारण चार वॅट कमी होत गेले. मंगळावरच्या क्युरिऑसिटीला सुमारे दोन हजार वॅट उष्णतेतून ११० वॅट वीज मिळाली, ७६८ जोड्यांमधून. टक्केवारी काढून पाहा, पाच-साडेपाचच येते.

आणि नंदादेवीवर असंच एक जनित्र हरवलेलं आहे. १९६५ साली चीनच्या अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिका आणि भारत यांनी मिळून ते शिखरावर न्यायचं ठरवलं, नेतृत्व कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांचं. हवामान बिघडलं, उपकरण वरच्या तळावर बांधून ठेवून मंडळी उतरली, आणि पुढच्या वर्षी परत गेली तेव्हा ते जागेवर नव्हतं. वाहून नेताना त्याची ऊब मिळते म्हणून शेर्पा ते उचलायला उत्सुक असत, असं कोहलींनी लिहून ठेवलं आहे. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत हे सगळं मान्य केलं.

हे झालं पदार्थाचं. मला लिहायचं आहे ते आकाराबद्दल.

वडीतले पाय कसे होतात ते पाहू. बिस्मथ, टेल्युरियम आणि थोडं सेलेनियम किंवा अँटिमनी वितळवून कांडी ओततात. ती कांडी तारेच्या करवतीने चकत्यांत कापतात, चकत्या पुन्हा उभ्या-आडव्या कापून ठोकळे करतात. दिवाळीच्या आठवड्यात शंकरपाळी ज्याने कापली आहेत त्याला काठाचं दुःख माहीत असतं. फरक इतकाच की शंकरपाळ्याचा काठ पुन्हा मळून लाटता येतो. इथे करवतीखाली जो भुगा होतो, त्यात करवतीचं तेल-पाणी मिसळलेलं असतं आणि टेल्युरियम हे पृथ्वीच्या कवचातल्या अतिदुर्मिळ मूलद्रव्यांपैकी एक. तांबं शुद्ध करताना तळाशी जो गाळ उरतो त्यातून प्रामुख्याने मिळतं. वर ठोकळे ठिसूळ, कापताना कोपरे उडतात. मग ते तांब्याच्या पट्ट्यांवर एकेक उभे करायचे, डाख द्यायचा, वर-खाली सिरॅमिकचं झाकण. झाली वडी.

हे सगळं करून हाती येते ती सपाट, चौकोनी वस्तू. आणि वाया जाणारी उष्णता कुठे असते? वाफेच्या नळीवर, इंजिनाच्या सायलेन्सरवर, भट्टीच्या धुराड्यावर. सगळं गोल. गोल नळीवर चौकोनी वडी बसवायची तर मध्ये अल्युमिनियमचा ठोकळा, एका बाजूने वाकडा, दुसऱ्या बाजूने सपाट. वर थर्मल पेस्ट, वर वडी, वर दाब देणारा पट्टा, वर हीटसिंक. या प्रत्येक थरात थोडा थोडा फरक मरतो. शंभर अंशांतले पायांच्या वाट्याला निम्मे येतात की नाही, ते नशिबावर. २०१४ साली सानिया लेब्लांक आणि सहकाऱ्यांनी खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा अनेक ठिकाणी असं निघालं की महाग पदार्थ वाटतो तो बिस्मथ टेल्युराइड, पण पैसे खातात उष्णता नेणारे-आणणारे भाग आणि ती सिरॅमिकची झाकणं. माझ्या ओट्यावर हेच दिसलं होतं : वडी दोनशेची, आणि तिला चालवायला परातभर बर्फ.

तेव्हा कल्पना अशी निघाली की पाय कापायचेच कशाला? हव्या त्या आकारात छापून काढले तर?

धातूची छपाई मी भोसरीतल्या एका शेडमध्ये पाहिली आहे. कपाटाएवढं यंत्र, काचेची खिडकी, आत आर्गॉन वायू. एक पाते भुकटीचा थर पसरवून जातं, जाडी ३० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहून बारीक. मग वरून लेझरचा ठिपका त्या थरावर फिरतो, जिथे फिरतो तिथली भुकटी वितळून लगेच गोठते. ठिणग्या उडतात, आवाज जवळजवळ नाही. मग तळ एक थर खाली सरकतो, पाते पुन्हा येतं. आपण दारात ठिपक्यांची रांगोळी काढतो तशी रांगोळी हजारदा, एकावर एक, आणि शेवटी न वितळलेली भुकटी ब्रशने झाडली की खालून वस्तू निघते. तिथल्या कामगाराने उरलेली भुकटी चाळणीतून चाळून पुन्हा डब्यात भरली. काठ वाया गेला नाही, ही शंकरपाळ्यांच्या हिशेबातली मोठी बाब.

हे तंत्र जर्मनीत आखेन शहरातल्या फ्राउनहोफर लेझर संस्थेत नव्वदच्या दशकाच्या मध्यात आकाराला आलं आणि आता नवलाईचं राहिलेलं नाही. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं असंच छापलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. पूर्वीचे १४ भाग एका तुकड्यात आले, १९ वेल्ड गेले, ५६५ किलो घडीव धातूच्या जागी १३.७ किलो भुकटी पुरली. पोलाद, टायटेनियम, निकेलच्या मिश्रधातूंच्या बाबतीत गाडी अशी रुळावर आहे. मग बिस्मथ टेल्युराइड का नाही?

कारण जे गुण त्याला चांगला थर्मोइलेक्ट्रिक बनवतात तेच लेझरखाली त्याच्या मुळावर येतात. गोष्ट खरी इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली अडचण भुकटीची. छपाईसाठी गोल दाणे लागतात. चिमटीतून रांगोळी सुटते तशी भुकटी सुटली पाहिजे. कणीक सोडून पाहा, गोळे पडतात. पोलादाची भुकटी वितळलेल्या धारेवर वायूचा झोत मारून करतात, ती गोल दाण्यांची असते. बिस्मथ टेल्युराइड मात्र बहुधा कुटून-दळून मिळतं, आणि त्याचा स्फटिक थरांचा. टेल्युरियमच्या एका पदराला लागून टेल्युरियमचाच दुसरा पदर, आणि त्या दोघांमधला बंध अगदी दुबळा. म्हणून माझ्या नखाखाली तो अभ्रकासारखा सुटला. दळल्यावर कडा-कोपऱ्यांचे चपटे तुकडे होतात, ते एकमेकांत अडकतात, आणि थर एकसारखा पसरत नाही.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि तिच्यात गंमत आहे. पोलादात लेझरची उष्णता आजूबाजूला पसरते. इथे पसरत नाही. न पसरणं हाच तर त्याचा सद्गुण, त्याच्यासाठीच त्याला निवडलं. म्हणून ठिपक्याखाली तापमान चढतच जातं आणि काही केसभर अंतरावर पदार्थ गारच असतो. एकाच मिलिमीटरात शेकडो अंशांचा फरक. वितळलेलं गोठताना आकसतं, शेजारचं आकसत नाही, आणि खडूसारख्या पदार्थाला हा ताण सोसवत नाही. तडे जातात. लेझरची शक्ती पोलादापेक्षा खूप खाली आणावी लागते. फार खाली आणली तर दाणे अर्धेच वितळतात. दोन्हीमधली पट्टी अरुंद असते.

तिसरी अडचण टेल्युरियम उडून जाण्याची. बिस्मथ टेल्युराइड ५८५ अंशांच्या आसपास वितळतं. टेल्युरियम ९८८ अंशांना उकळतं, बिस्मथ त्याच्या बऱ्याच वर. ठिपक्याच्या मध्यभागी तापमान जरा निसटलं की टेल्युरियमची वाफ निघून जाते आणि मागे बिस्मथ जास्त उरतं. साध्या धातूत एखाद-दोन टक्के इकडेतिकडे झालं तर ताकद थोडी कमी होईल. इथे प्रमाण किंचित ढळलं की पदार्थाची जातच बदलते. जोडीतला एक पाय ‘एन’ हवा, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणारा, दुसरा ‘पी’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वाहणारा. टेल्युरियम कमी-जास्त होऊन एनचा पी झाला तर दोन्ही पाय एकाच दिशेला ढकलतात आणि वडी मुकी. निव्वळ डोळ्यांनी हे कळतही नाही. जाता जाता : टेल्युरियम शरीरात गेलं तर माणसाच्या श्वासाला लसणाचा वास येतो, आणि तो दिवसेंदिवस जात नाही. भुकटी हाताळणारे बंद पेटीत हात घालून काम करतात त्याला इतर कारणं आहेतच, पण हे कारण घरच्यांना लवकर पटेल.

या तिन्ही अडचणींशी चिकाटीने भिडलेली एक प्रयोगशाळा वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात आहे, सानिया लेब्लांक यांची. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या त्याच. स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करून त्या अल्फाबेट एनर्जी या थर्मोइलेक्ट्रिक जनित्रं बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीत संशोधक होत्या. म्हणजे धंद्यात काय अडतं ते आतून पाहिलेलं. आधी त्यांच्या गटाने भुकटी दाबून टिकल्या केल्या आणि टिकल्यांवर लेझर फिरवून पाहिला. मग साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या जॉर्ज नोलास यांच्याबरोबरच्या निबंधात, २०१८ साली, सुट्या भुकटीवर थरावर थर चढवून दाखवला. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाच्या सुट्या भुकटीवर हे पहिल्यांदाच होत होतं. स्फटिकाची रचना टिकली, थर एकमेकांना चिकटले, आणि गुण जुन्या पद्धतीच्या जवळपास आले. घनता मिळाली ८८ टक्के.

८८ म्हणजे बारा टक्के पोकळी. भोसरीतल्या त्या शेडमध्ये ९९च्या खाली आलेला तुकडा भंगारात टाकतात. तरी मला या ८८चं मोल वाटतं. पोकळीमुळे वीज अडते, हा तोटा. पण पोकळी उष्णताही अडवते, आणि इथे ते हवंच आहे. शिवाय लेझरखाली पदार्थ सेकंदाला लाखो अंश या वेगाने गार होतो, त्यामुळे स्फटिकाचे कण बारीक पडतात आणि कणाकणाच्या सीमेवर उष्णतेची कंपनं विखुरतात. इतर धातूंत ज्याला दोष म्हणतात त्यातलं थोडं इथे पथ्यावर पडतं. किती पथ्यावर आणि किती मुळावर, याचा ताळेबंद जमवणं हेच पुढचं सगळं काम. चीनच्या वुहान तंत्रविद्यापीठात तांग शिनफेंग यांच्या गटाने सेलेनियममिश्रित बिस्मथ टेल्युराइड आणि झिर्कोनियम-निकेल-टिनचं उष्ण तापमानाला टिकणारं संयुग, दोन्ही लेझरखाली वितळवून पाहिली आहेत.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर या शर्यतीत आज लेझर पुढे नाही. पुढे आहे शाई. दक्षिण कोरियात जे संग सन यांच्या गटाने बिस्मथ टेल्युराइडची भुकटी अकार्बनी द्रावणात मिसळून लापशीसारखी शाई केली, मेंदीच्या कोनासारख्या नळीतून ती सोडली, मग भट्टीत भाजली. २०१८ च्या त्यांच्या निबंधात अर्ध्या कड्यासारखे पाय आहेत, नळीला थेट मिठी मारणारे. गोल नळीचं उत्तर गोल पाय, इतकं साधं. झेडटी पी-पायाचा ०.९, एन-पायाचा ०.६. २०२५च्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या आयएसटीए संस्थेतल्या मारिया इबान्येझ यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये शाईने छापलेल्या पायांचे आकडे दिले : १.४२ आणि १.३, आणि हवेत पन्नास अंशांचा गारवा. हे कापून काढलेल्या पायांशी बरोबरी करणारं, किंबहुना थोडं वरचढ आहे.

मग लेझरचा हट्ट कशाला? एक कारण भट्टी. शाईचा पाय भाजताना आकसतो आणि आकार थोडा ढळतो, शिवाय शाईतलं काही आत उरलं तर गुण उतरतात. लेझरच्या भुकटीत दुसरं काही मिसळलेलंच नसतं. दुसरं कारण, वेगळा आकार हा निव्वळ बसवण्याच्या सोयीचा प्रश्न नाही. सन आणि लेब्लांक यांच्या गटांनी मिळून २०२४ मध्ये कॉपर सेलेनाइडच्या पायाचे आठ वेगवेगळे आकार तपासले. सगळ्यांत सरस ठरला डमरू. कमरेत उष्णतेची वाट अरुंद होते, तापमानाचा फरक वाढतो. विजेचा रोधही वाढतो, पण गोळाबेरीज डमरूच्या बाजूने पडते. इतकी वर्षं आपण पाय चौकोनी ठेवले ते करवतीला सरळच कापता येतं म्हणून. उष्णतेला कुणी विचारलंच नव्हतं.

एका जागी मात्र लेझरवाल्यांचा उत्साह मला जरा जास्त वाटतो. ‘थेट नळीवर छापू’ हे वाक्य वारंवार येतं. भुकटीच्या यंत्रात थर सपाट लागतो. आधीच तयार असलेल्या वाकड्या नळीवर त्या यंत्रात छापता येत नाही. नळीसकट सगळं तळापासून छापावं लागेल, म्हणजे एकाच यंत्रात पोलाद, विजेला अडवणारा थर, तांबं, एन आणि पी, पाच भुकट्या. ते जमलेलं नाही, आणि लवकर जमेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट जोडांची. पाय कितीही चांगला छापा, तो तांब्याला जिथे टेकतो तिथे रोध आला तर सगळं वाया. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेड टेल्युराइड आणि ‘टॅग्ज’ नावाचं मिश्रण यांच्या, उष्ण तापमानाला चालणाऱ्या पायांवर काम झालं आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग कमी रोधाचे जोड कसे द्यायचे याचा होता. जोड ही मथळ्यात न येणारी बाब आहे. पदार्थाच्या बाबतीत आपल्याकडचं काम जगाच्या पंगतीत पहिल्या पानावर आहे : बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या कनिष्क बिस्वास यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या संयुगात थोडं कॅडमियम घालून तीनशे अंशांना २.६ झेडटी दाखवला. धातूची छपाई आपल्याकडे चालते, ती इस्रोच्या इंजिनाने सिद्ध केली. पदार्थवाले आणि छपाईवाले एकाच टेबलावर बसले तर काय होईल, ते बघायला मला आवडेल.

गाड्यांचं म्हणाल तर २००० नंतरच्या दशकात बीएमडब्ल्यू आणि फोर्ड या दोघांनी सायलेन्सरच्या उष्णतेवर वीज करून पाहिली, प्रयोगाच्या पुढे ते गेलं नाही. आता तर विजेच्या गाड्यांमुळे सायलेन्सरच चालला. मला खरी जागा दिसते ती छोट्या कामांत. कारखान्यात वाफेच्या नळीवर दाब-तापमान मोजणारा सेन्सर, ज्याची बॅटरी बदलायला दर वर्षी माणूस शिडीवर चढतो. त्याला काही मिलिवॅट लागतात. नळी तर तिथेच तापलेली आहे. अशा ठिकाणी नळीच्या मापाचं छापलेलं कडं बसवलं, तर पाच टक्क्यांवर कुणी हसणार नाही. माझा कौल असा : पहिली विकत मिळणारी छापील वडी अशा एखाद्या सेन्सरखाली असेल, आणि ती शाईची असेल. लेझरची पाळी त्यानंतर, चार-पाचशे अंशांच्या वर, जिथे डाख टिकत नाही तिथे येईल.

तोवर सुट्टीत घरी मुलं असतील तर दोनशे रुपयांची चौकोनी वडी आणा. खाली हीटसिंक, त्याखाली बर्फाची परात, वर उकळतं पाणी, आणि लाल एलईडी. लागला नाही तर त्याच्या तारा उलट्या जोडा. तव्यावर मात्र ठेवू नका. आतला डाख १३८ अंशांना वितळतो.